आधी थांबणारी गाडी, मग पळणारी

पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना काही गाड्यांच्या चाकांतून करपल्याचा वास येतो. चालवणाऱ्याला ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल दाबावं लागतं. गाडी नवी असते, ब्रेक नुकतेच बघून घेतलेले असतात आणि खाली सपाटीला आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. मग घाटात नेमकं काय बिघडलं होतं?

बिघडलं काहीच नव्हतं. ब्रेकला गार व्हायला उसंत मिळाली नव्हती. रस्त्यावरच्या गाडीचा प्रत्येक भाग थोडं काम आणि मग बरीच विश्रांती या हिशेबाने बनवलेला असतो. घाटात ही विश्रांती कमी होते. रेसिंग ट्रॅकवर ती जवळपास नाहीशी होते. आपली रोजची स्पोर्ट्‌स कार ट्रॅकसाठी तयार करायची म्हणजे काय करायचं, याचं बरंचसं उत्तर या एका गोष्टीत आहे.

## ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

ट्रॅक डेला कुणी पहिला येत नाही, बक्षीस नसतं. पैसे भरायचे, स्वतःची गाडी घेऊन जायचं आणि बंदिस्त ट्रॅकवर साधारण वीस-वीस मिनिटांच्या सत्रांत ती मनसोक्त चालवायची. नवखे, सरावलेले आणि तरबेज असे गट वेगळे सोडतात. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक ठरलेल्या सरळ पट्ट्यांवरच करायचं, तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवेवर असे दिवस होतात. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, जपान इथे हा शौक कित्येक दशकं जुना आहे.

उदाहरण म्हणून मी माझदा एमएक्स-५ घेतो, अमेरिकेत जिला मिआटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. दोन आसनं, कापडी टप, १६०० सीसीचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन हजार किलोंच्या आत आणि तेही पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या होत्या. जगभरच्या ट्रॅक डेंना ही गाडी हमखास दिसते, त्यामुळे तिचं काय बिघडतं आणि कशाने सुधारतं हे लोकांना पाठ झालं आहे. आणि ट्रॅक घेऊ कॅलिफोर्नियातला लागूना सेका: ३.६ किलोमीटर, ११ वळणं. २००१ ते २०१८ या काळात त्याचं नावच माझदा रेसवे होतं. सॅन होजेच्या परिसरातल्या मराठी मंडळींना तो दोनेक तासांच्या आत गाठता येतो.

## तीन सेकंदांत तीन लिटर पाणी

एमएक्स-५ आणि तिचा चालक मिळून अकराशे किलो धरू. समजा सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर ती ताशी १६० किलोमीटरला पोचली. दुसरं वळण हे जवळजवळ उलट फिरवणारं आहे, तिथे वेग ७० वर आणावा लागतो. या दोन वेगांमधली ऊर्जा पावणेनऊ लाख जूल होते. तेवढ्यात तीन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या चार डिस्कमध्ये, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये, तीनेक सेकंदांत शिरते. आणि हे एकच वळण झालं. फेरीत असे आणखी काही ब्रेक लागतात, आणि वीस मिनिटांत अशा दहाएक फेऱ्या होतात.

ब्रेक दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी हात टेकतात, आणि कोणती तऱ्हा आहे हे पेडलच सांगतं.

पहिल्या तऱ्हेत पेडल पूर्वीइतकंच कडक असतं, पाय पूर्ण जोराने दाबलेला असतो, पण गाडी थांबायला तयार नसते. इथे डिस्कला दाबून धरणारे पॅड तापले आहेत. पॅडमधले कण राळेसारख्या पदार्थाने एकत्र बांधलेले असतात. ठरावीक तापमानापुढे तो पदार्थ जळून वायू सोडायला लागतो आणि घर्षण घटतं. उपाय सरळ आहे: जास्त तापमान झेलणारे पॅड. मात्र त्यांची किंमत मोजावी लागते. ते गार असताना नीट पकडत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क लवकर झिजवतात. निव्वळ ट्रॅकचे पॅड लावून सकाळी मुलांना शाळेत सोडायला जाणं धोक्याचं आहे. म्हणून बरेच जण ट्रॅकच्या आदल्या दिवशी पॅड बदलतात आणि परतल्यावर नेहमीचे चढवतात. एमएक्स-५ वर हे सवयीच्या हाताला तासाभराचं काम आहे.

दुसऱ्या तऱ्हेत पेडल स्पंजासारखं होतं, दाबलं की खाली जातं. हे जास्त भीतिदायक. इथे दोष ब्रेक ऑइलचा असतो. पेडलचा दाब चाकापर्यंत पोचतो तो द्रव दबत नाही म्हणून. पण हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑइलने किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच अट १५५ अंशांवर येते. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, तो तापल्यावर, ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, आणि पायाचा जोर चाकाऐवजी बुडबुडे दाबण्यात खर्च होतो.

हलक्या बदलांच्या यादीत मी सगळ्यात वर काय ठेवीन असं कुणी विचारलं तर उत्तर हेच: ताजं, उंच उत्कलनबिंदूचं ब्रेक ऑइल, आणि चारही चाकांतून नीट काढलेली हवा. रेसिंगच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना ३०० अंशांच्या वर असतो. खर्च मोठ्या चकचकीत ब्रेक किटच्या तुलनेत किरकोळ. कोकणासारख्या दमट हवेत राहणाऱ्याने तर ट्रॅकवर जाण्याआधी ते बदलायलाच हवं, मागचं ऑइल कितीही स्वच्छ दिसत असलं तरी.

वीस मिनिटं संपल्यावर शेवटची फेरी ब्रेक जवळपास न लावता हळू घ्यायची, म्हणजे वारा डिस्क गार करतो. आत येऊन थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही आणि पेडलवर पायही ठेवायचा नाही. तापलेली डिस्क एकाच जागी पॅडला चिकटून राहिली तर पॅडचा थर तिथे उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली उटी लावायची.

## टायरची हवा गरम मोजायची

गाडी जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागांवर. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, सगळ्यांचा व्यवहार तिथूनच होतो.

अमेरिकेत टायरच्या बाजूवर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. नेहमीच्या घरगुती गाडीच्या टायरवर तो ४००, ५०० किंवा जास्त दिसतो. ट्रॅक डेला जाणारे बहुधा २०० आकड्याचे टायर घेतात. रबर मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी. रस्त्यावर चालवायला ते चालतात, पण साचलेल्या पाण्यात जपून. नवख्याने मात्र पहिले काही दिवस साध्या चांगल्या टायरवर काढावेत असं माझं ठाम मत आहे. साधा टायर सुटण्याआधी ओरडतो, सावकाश सुटतो आणि सावरायला वेळ देतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा वेग बराच वाढलेला असतो.

हवेचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. बंद जागेतला वायू तापला की दाब वाढतो. २८ पीएसआय हवा भरलेला टायर दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआयने वाढतो. टायरमधली हवा २० वरून ६० अंशांवर गेली की सहाएक पीएसआय वाढले. म्हणून ट्रॅकवर गार टायरच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. फेरी संपवून आत आल्याबरोबर, टायर गरम असतानाच मोजायचं. एमएक्स-५ सारख्या हलक्या गाडीला गरम आकडा साधारण ३० ते ३४ च्या दरम्यान मानवतो. जास्त दिसला तर तिथेच हवा सोडायची. चेन्नईच्या उन्हात, डांबर आधीच भाजत असताना, ही वाढ आणखी लवकर होते, म्हणून सुरुवातच थोडी खालून करायची.

टायर स्वतःही बोलतो. त्याच्या खांद्यावर खडूची रेघ ओढून एक फेरी मारली की कुठवर खडू पुसला ते दिसतं. कडेच्या बाजूच्या भिंतीपर्यंत पुसला गेला असेल तर हवा कमी आहे किंवा चाक उभं पडतंय. सुईच्या तापमापकाने रबराचं तापमान आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असं तीन जागी घेतलं तर आणखी नेमकं कळतं. मध्य सगळ्यात गरम असेल तर हवा जास्त. बाहेरची कड बरीच गरम असेल तर चाकाचा कल चुकतोय.

## चाक किंचित तिरकं का बसवतात

समोरून पाहिलं तर ट्रॅकवरच्या गाड्यांची चाकं वरच्या बाजूला आत झुकलेली दिसतात. या झुकावाला कॅम्बर म्हणतात, आत असेल तर उणा. वळणात गाडीचं अंग बाहेर झुकतं आणि बाहेरच्या चाकालाही बाहेर लोटतं. सरळ बसवलेलं चाक त्या क्षणी टायरच्या बाहेरच्या कडेवर उभं राहतं. आधीच दोन-अडीच अंश आत झुकवलेलं चाक वळणात सपाट टेकतं.

एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये एक सोय कारखान्यातूनच मिळते. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बोल्ट मध्यापासून सरकवलेल्या चकतीचे आहेत. ते फिरवले की आर्म आत-बाहेर सरकतो. नवा भाग न घेता, चांगल्या अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन बरंच साधता येतं. पुढे उणे अडीच, मागे उणे दोनच्या आसपास, हा सुरुवातीला रास्त आकडा आहे.

वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असतात, तो टो. मागच्या चाकांना किंचित आत ठेवतात म्हणजे शेपूट शांत राहतं. पुढची शून्यावर किंवा एखादा मिलिमीटर बाहेर, म्हणजे गाडी वळणात चटकन शिरते. कॅम्बरमुळे टायर आतून खाल्ला जातो अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्यात बहुतेक वेळा खरा दोष जास्त ठेवलेल्या टोचा असतो.

## वजन कुठे जातं

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: स्प्रिंगा कडक केल्या की वळणात वजन बाहेर जाणं थांबतं. थांबत नाही. किती वजन बाहेरच्या चाकांवर जाणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर ठरवतात. गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंच धरला, तर आपल्या अकराशे किलोंच्या गाडीत जोरदार वळणात साडेतीनशे किलो आतून बाहेर जातात. सरळ चालताना प्रत्येक चाकावर २७५ किलो होते. आता बाहेरच्या दोघांवर ४५०-४५० आणि आतल्यांवर जेमतेम १००-१००. कडक स्प्रिंगने अंग कमी झुकतं, कॅम्बर नीट राहतो, हे खरं. पण हे साडेतीनशे किलो जायचे ते जातातच.

आता टायरचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही, जराशी मागे राहते. त्यामुळे २७५-२७५ च्या जोडीपेक्षा ४५०-१०० च्या जोडीची एकूण पकड कमी भरते. वजनाची वाटणी जितकी विषम, तितकी ती जोडी दुबळी.

सेटअप करणाऱ्याच्या हातातली खरी किल्ली यात आहे. साडेतीनशे किलो जाणार हे ठरलेलं, पण त्यातले किती पुढच्या जोडीत सरकावेत आणि किती मागच्या, हे आपण ठरवू शकतो. अँटिरोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पीळ घेणारी सळई. पुढची सळई जाड लावली की जास्त वाटा पुढे सरकतो, पुढची जोडी दुबळी होते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागची सळई जाड केली तर उलट: मागची चाकं आधी सुटतात आणि शेपूट बाहेर येतं, ते ओव्हरस्टिअर. पुढच्या सळईचं टोक एका भोकावरून दुसऱ्या भोकात घातलं की चालवणाऱ्याला दोन वळणांत फरक जाणवतो. घोड्याला लगाम सैल-घट्ट करावा इतका थेट हा परिणाम असतो. नवख्याच्या गाडीत थोडं अंडरस्टिअर मुद्दाम ठेवतात, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, आणि अशी गाडी तेवढ्यानेच ताळ्यावर येते.

शॉकअपचं काम वेगळं आहे: स्प्रिंगांची उसळी शमवायची. लागूना सेकाला आठव्या वळणावर कॉर्कस्क्रू नावाचा प्रसिद्ध उतार आहे. चढ संपतो तिथे पुढचं काही दिसत नाही, डावीकडे वळावं लागतं आणि लगेच उजवीकडे, आणि तेवढ्यात रस्ता १८ मीटर खाली जातो. माथ्यावर गाडी हलकी होते, स्प्रिंगा उलगडतात, पुढच्याच क्षणी पुन्हा दबतात. शॉकअप थकलेले असतील तर गाडी खाली पोचेपर्यंत हिंदकळत राहते आणि टायर जमिनीवर कधी जोराने, कधी नुसते टेकतात. तीस वर्षांच्या एमएक्स-५ ला स्प्रिंगा बदलण्याआधी चांगले शॉकअप द्यावेत. आणि गाडी फार खाली बसवू नये. तिच्या सस्पेन्शनला हालचालीची जागा मुळातच थोडी आहे, ती संपली की रबरी ठोकळ्यावर आपटून चाक एकदम कडक होतं आणि मधल्या वळणात सुटतं.

चारही कोपऱ्यांची उंची फिरवता येणारं सस्पेन्शन असेल तर चार वजनकाट्यांवर गाडी चढवून, चालकाला आत बसवून कर्णांची बेरीज जुळवतात. स्प्रिंग फिरवून वजन डावीकडून उजवीकडे नेता येत नाही. एक कोपरा उचलला की त्याचा आणि समोरच्या कर्णातल्या कोपऱ्याचा भार वाढतो, उरलेल्या दोघांचा कमी होतो. दोन कर्ण सारखे असले की गाडी डाव्या आणि उजव्या वळणात सारखी वागते. हलक्या सेटअपला हे काम लांबणीवर टाकलं तरी चालेल.

> चौकट: निघण्याआदल्या रात्री
> ब्रेक ऑइल ताजं, पॅड निम्म्याहून जाड.
> चाकांचे नट टॉर्क पान्याने, कंपनीच्या आकड्याला (जुन्या एमएक्स-५ ला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर).
> बॅटरी घट्ट बांधलेली. डिकीतलं आणि दारांच्या खणांतलं सामान, पायपुसणी सगळं बाहेर.
> टप उघडणाऱ्या गाडीला रोलबार. त्याच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत काठी धरली तर हेल्मेट तिच्या खाली राहायला हवं.
> हेल्मेट मोटारीच्या शर्यतीसाठीच्या स्नेल एसए मानकाचं. दुचाकीचं नको, एसएमध्ये आगीची आणि रोलबारवर आपटण्याची चाचणीही असते.

## इंजिन: आधी गार, मग ताकद

पहिल्या पिढ्यांच्या एमएक्स-५ चं इंजिन माझदाच्या ३२३ या छोट्या घरगुती गाडीच्या घराण्यातलं आहे. तिथे ते आडवं बसायचं. एमएक्स-५ मध्ये उभं बसवताना कूलंटचं बाहेर पडायचं तोंड पुढच्या बाजूला आणलं, जिथून ते आतही शिरतं. परिणामी सगळ्यात मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती प्रवाह कमी पडतो आणि तो इतरांपेक्षा गरम चालतो. रस्त्यावर याने काही बिघडत नाही. ट्रॅकवर सतत ताण देणारे लोक कूलंटचं तोंड पुन्हा मागे नेतात आणि रेडिएटर जाड लावतात. डॅशबोर्डवरच्या काट्यावर भिस्त ठेवू नये. तो मुद्दाम सुस्त केलेला असतो आणि बऱ्याच तापमानापर्यंत मध्यावरून हलत नाही. आकडा दाखवणारं वेगळं मीटर बसवणं हा थोडक्या पैशातला शहाणपणाचा बदल आहे.

ताकद मी शेवटी ठेवतो, आणि त्याचं कारण वरच्याच गणितात आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सरळ पट्ट्याच्या टोकाला वेग दहा टक्के वाढला तर गाडीच्या गतीची ऊर्जा एकवीस टक्के वाढते. रेडिएटर, ऑइल, टायर सगळ्यांवरचा बोजा त्याबरोबर चढतो. शिवाय मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून लागूना सेकाला गेलात तर कदाचित गाडी चालवताच येणार नाही. तिथे रस्त्याकडेला आवाज मोजतात, बहुतेक दिवशी मर्यादा ९० डेसिबलच्या आसपास असते, आणि ती ओलांडणाऱ्याला आत बोलावून थांबवतात.

बदल एका वेळी एकच करायचा आणि लिहून ठेवायचा: हवेचा दाब गार-गरम, ट्रॅकचं ऊन, सळईचं भोक, कॅम्बर, आणि गाडी कुठल्या वळणात काय करत होती. पुढच्या खेपेला ऊन वेगळं असेल, टायर झिजलेले असतील, तेव्हा ही वहीच सांगेल की फरक कशाने पडला.

दिवस संपल्यावर त्याच गाडीने घरी जायचं असतं. चाकं गार झाली की नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. गरम असताना हवा सोडलेली असते, ती आता कमी पडते. जुन्या एमएक्स-५ ला कंपनीने सांगितलेला आकडा २६ आहे, तेवढी हवा भरायची आणि मग हायवेला लागायचं.